माया

पुठ्ठ्याचा साचा दर सीझनला बदलतो.
ग्रासिएलाबाई तो स्वतः आणून ठेवतात टेबलावर,
"एर्लिंदा, कमरेला बोटभर आत घे.
लेबल तेच राहू दे."

लेबल तेच: एकच माप.
म्हणजे सगळ्यांना होईल असं.
चौदा वर्षं झाली, ब्वेनोस आइरेसच्या फ्लोरेस भागात,
शटर अर्धं ओढलेल्या या कारखान्यात
मी सगळ्यांना बेतते आहे.
खाली पडलेल्या पट्ट्या पोत्यात भरते,
शुक्रवारी गाडी येते.
एका वर्षात किती बायका जातात त्या पोत्यांतून,
मोजायला कुणी सांगितलं नाही.

नोएमी शनिवारी दुकानात घड्या घालायची.
एकदा ट्रायल रूममधून बराच वेळ बाहेर आली नाही.
पडद्याखालून पाय दिसत होते,
घोट्याशी अडकलेली निळी पॅन्ट.
कट मी ओळखला. माझाच हात.

पॅन्टला कुणी दोष देत नाही.

आधी पाव गेला. मग भात.
मग शेंगदाण्याचं सूप, तिचं रविवारचं,
ज्याच्या वासावर ती चौथ्या मजल्यावरून धावत यायची.
"शाळेत खाल्लं," म्हणायची.
शाळेत म्हणायची, घरी खाल्लं.
शेजारच्या डेल्फिनाने जिन्यात थांबवून गाल कुरवाळले,
काय छान दिसायला लागलीस गं!
नाचाच्या सरांनी पहिल्या रांगेत घेतली.
मीही म्हटलं, छान दिसतेस.
एकदा. नाही, दोनदा.

माझी आई ओरुरोच्या बाजारात बटाटे विकते,
सहा घागऱ्या एकावर एक घालून.
तिच्या लेखी बाई म्हणजे घेर,
दारातून आत यायला तिला थोडं आडवं व्हावं लागतं
आणि ती ते दिमाखात होते.
फोटो पाहून तिचा फोन आला:
"पोरीला काय झालं? तिकडे पगार मिळत नाही का?"
मी हसले. रात्री न्हाणीच्या जाळीतून
केसांचा पुंजका काढला, मूठभर,
तेव्हा हसू कुठे ठेवावं कळेना.

जुलैची थंडी. स्टोव्हपाशी बसूनही तिची बोटं निळी,
हातांवर बारीक लव आलेली,
पक्ष्याच्या पिल्लाला येते तशी.
अंग स्वतःच स्वतःला पांघरूण विणत होतं,
घरात शिवणारी बाई असून.

हॉस्पिटलात मंगळवारी रांग असते.
समोरच्या बाकावरच्या मुलीने माझा ब्लाऊज घातला होता,
मागच्या उन्हाळ्याचा, खांद्यावरून घसरत होता.
डॉक्टरीण विचारत होती, कधीपासून?
मला तारखा येईनात. मी सीझन सांगितले.
कापड बेतता बेतता पोरीच्या जिवावर बेतलं
हे स्पॅनिशमध्ये कसं सांगतात,
मला अजून येत नाही.

पंधराव्या वाढदिवसाचा झगा मी घरी शिवला.
साचा नाही, पुठ्ठा नाही. तिचं माप घेताना
टेप स्वतःवरच पुन्हा पुन्हा गुंडाळत गेला.
फिरोजी साटीन, जसं तिला हवं होतं.
बाहेरून तिला बसेल असा.
आतून दोन्ही बाजूंना चार-चार बोटं माया सोडली.
धावदोऱ्याने घातली शिवण, सहज उसवेल अशी.

तिने झगा उलटा केला. शिंप्याची पोर, आधी आतलं बघते.
"इतकं कापड आत कशाला? फुगेल ना, आई."
मी दोरा तोडत होते. दातांनी.
"राहू दे," म्हटलं.
"कुणासाठी?"
"तू परत येशील तेव्हा लागेल."

ती काही बोलली नाही.
दुमडलेल्या कापडावरून बोट फिरवत राहिली,
वरून खाली, पुन्हा वर,
जणू त्या घडीत कुणी झोपलं आहे.
टेबलावर सूप निवत होतं.
मी गरम कर म्हटलं नाही, खा म्हटलं नाही.

सोमवारी नवा साचा आला.
मी खडू उचलला, आणि रेघ
थोडी बाहेरून मारली.
ग्रासिएलाबाई फोनवर होत्या.